जांभळं कडं

आयुष्यभर काय काम केलं असं कोणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा माणूस हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवतो. नागपुरात महालमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणतीस वर्षं टेक्निशियन होते. रक्त, थुंकी, लघवी, जे येईल ते तपासलं. खाली भांड्यांचं दुकान, वर आमची लॅब. दिवसभर जिन्यातून पातेल्यांचा आवाज वर यायचा, आणि पेशंट वर येता येता विचारायचे, "ताई, बॉटल इथंच मिळते का खालून घ्यायची?"

माझ्या हाताखालून किती नमुने गेले याचा हिशेब नाही. पण एक तपासणी अशी होती की ती करताना शेवटच्या वर्षापर्यंत मला कंटाळा आला नाही. काचेच्या नळीत थोडी लघवी घ्यायची. त्यात एक पांढरी पावडर विरघळेनाशी होईपर्यंत टाकायची. मग एक लालसर खडा, मोहरीएवढा. नळी हलवायची, तिरपी धरायची आणि कडेनं अमोनिया असा हळूच सोडायचा की तो वर तरंगत राहील. दोन पाण्यांच्या मधे जर जांभळं कडं उमटलं, तर त्या माणसाच्या अंगात अ‍ॅसिटोन आणि त्याची भावंडं वाढलेली आहेत. नाही उमटलं तर नाहीत. पुढे पट्ट्या आल्या. पट्टी बुडवा, रंग बघा, फेकून द्या. पण शंका आली की मी आपली नळीच काढायची.

अ‍ॅसिटोन म्हणजे तेच, ज्यानं नेलपॉलिश पुसतात. ते आपल्या अंगात कुठून येतं असं लोक घाबरून विचारतात. पण ते सगळ्यांच्याच अंगात असतं, अगदी नखभर. कांद्यात असतं, टोमॅटोत असतं, दुधात असतं. शरीराला साखर वापरता आली नाही की ते साठवलेली चरबी जाळायला घेतं. चुलीत लाकूड जाळलं की धूर होतो, तसा चरबी जाळली की हा पदार्थ होतो. थोडा झाला तर काही बिघडत नाही. उपास केला, ताप आला, पोरानं दोन दिवस जेवण टाकलं, की होतो आणि जातो. पण डायबेटिसमध्ये रक्तात साखर भरपूर असून शरीराला ती वापरता येत नाही, तेव्हा हा कारखाना थांबतच नाही. रक्त आंबट होत जातं, आणि माणूस दोन-तीन दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. त्याच्या श्वासाला एक वास येतो. कोणाला तो नेलपॉलिशचा वाटतो, कोणाला जास्त पिकलेल्या केळ्याचा. काहींना तो अजिबात येत नाही. मला दारातून यायचा.

हल्ली आमच्या गल्लीतली जिमला जाणारी मुलं भात-पोळी सोडून फक्त अंडी आणि पनीर खातात, घरी पट्ट्या आणून स्वतःची तपासणी करतात, आणि जांभळी निघाली की मला फोटो पाठवतात. "काकू, आली." मी अभिनंदन करते. एकोणतीस वर्षं जो रंग उमटू नये असं मला वाटायचं, त्याच्यासाठी आता लोक मेहनत घेतात.

एकदा तर या रंगानं माझी चांगलीच फजिती केली. सकाळच्या गर्दीत काउंटरवर एक बाटली आली. चिठ्ठीवर नाव गौरी, वय चार वर्षं. रिसेप्शनवरच्या मुलीनं रजिस्टरमध्ये लिहिलं, स्त्री, चार. मी अमोनिया सोडला आणि कडं असं काळं-जांभळं उमटलं की मी नळी स्टँडमध्ये ठेवून बाहेर धावले. बाकावर धोतर-बंडी घातलेला एक गवळी बसला होता.

"गौरी कोणाची?"

"माही."

"कुठं आहे ती आत्ता? शुद्धीवर आहे?"

"गोठ्यात आहे. उभी आहे, पण खाऊन नाई राहिली."

मी म्हटलं, "चार वर्षांची मुलगी गोठ्यात कशाला ठेवली?"

मग त्याच्या लक्षात आलं. "मॅडम, गाय आहे ते. मी तिले बेटी म्हणतो, म्हणून नाव सांगतलं. तीन आठवडे झाले व्याली. दुधाले अजब वास येते म्हणून आमच्या ढोरांच्या डॉक्टरनं तपासून आणा म्हटलं."

खूप दूध देणाऱ्या गाईंना व्याल्यावर हा त्रास होतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दुधात साखर निघून जाते आणि ती बिचारी स्वतःची चरबी जाळत बसते. आमचे सर, डॉ. पांढरीपांडे, लॅबचे मालक आणि पॅथॉलॉजिस्ट, हे रिपोर्टवर सही करणारे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "वंदनाबाई, गाईची नॉर्मल रेंज आपण काय छापायची?" शेवटी त्यांनी रेंजची जागा कोरी ठेवून सही केली. गौरीला ग्लुकोजची बाटली लागली आणि ती बरी झाली. महिनाभरानं गवळी दह्याचं मडकं घेऊन आला आणि सरांनी आधी त्याचा वास घेतला, मग खाल्लं.

सर माणूस चांगले, पण एका बाबतीत फार कडक. टेक्निशियननं आकडा द्यायचा, आजार सांगायचा नाही. "तुम्हाला काय वाटतं ते पेशंटला सांगायचं नाही, वंदनाबाई. आपल्याला इतिहास माहीत नसतो. आपण नळी बघतो, माणूस बघत नाही." हे मला पटत होतं. आजही पटतं. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवणारे टेक्निशियन मी पाहिले आहेत.

पण या नियमाची एक आठवण मला सुखाची नाही. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. एका शनिवारी दुपारी कॉलेजातल्या एका मुलीचा नमुना तिच्या काकांनी आणून दिला. उलट्या होतात, पोट दुखतं, काही बाहेरचं खाल्लं असेल, असं ते म्हणाले. साखर खूप, आणि कडं गडद. काका म्हणाले, "रिपोर्ट सोमवारी नेतो, आज लग्नाले जायचं आहे." सर गावाला गेलेले. माझ्या जिभेवर आलं होतं, की लग्न राहू द्या, मुलीला आत्ता दवाखान्यात न्या. मी म्हणाले, "जमलं तर लवकर न्या." एवढंच. सोमवारी ते आले नाहीत. बुधवारी आले, ते आयसीयूतल्या डॉक्टरनं रिपोर्ट मागितला म्हणून. मुलगी वाचली. पण तिच्या वाचण्यात माझा काहीच हात नव्हता, हे मला माहीत होतं. "जमलं तर" हे दोन शब्द मला बरीच वर्षं ऐकू येत राहिले.

आता देवरावांची गोष्ट. तीच सांगायला मी हा लेख लिहायला घेतला.

नवरात्राचे दिवस होते. सकाळी साडेदहाच्या सुमाराला एक नवरा-बायको जिना चढून आले. तो पन्नाशीच्या आतबाहेरचा, उंच, ड्रायव्हरची खाकी घातलेला. बायको मागे. बाकावर बसताना तिनं मधे दोन माणसांची जागा सोडली. हे मी काउंटरवरून पाहिलं.

तो उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, मले एक सर्टिफिकेट पायजे. मी दारू पेलो नाई म्हणून."

नाव देवराव मेश्राम. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याची स्टाफ बस चालवायचे. सकाळची पाळी महालातून, मेडिकल चौकातून उचलायची आणि कारखान्याच्या दारात सोडायची. बावीस वर्षं हेच काम. आदल्या दिवशी सकाळी गेटवर सिक्युरिटी ऑफिसरनं त्यांना खाली उतरवलं, तोंडाचा वास घेतला, आणि दारू पिऊन गाडी चालवली असं रजिस्टरमध्ये लिहून किल्ली काढून घेतली. पन्नास माणसं बसमध्ये बसून बघत होती. लॅबमध्ये आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चौकशी होती, आणि चौकशीत सिद्ध झालं तर नोकरी जाणार होती.

मी समजावलं, "भाऊ, कालची दारू आज रक्तात सापडत नाही. आज तपासून कालचं काही सिद्ध होणार नाही."

"मंग मी करू काय?" ते हळूच म्हणाले. "मी विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेतो, मॅडम. दर रविवारी. नशा करणार नाई असं मी सांगतो त्याइले. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांची बायको उठून काउंटरपाशी आली. नाव सुनंदा. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाली, "ताई, मी खोटं काहून बोलू? वास येते. दहा-बारा दिवस झाले, मलेबी येऊन राहिला. माहा बाप दारूत गेला. मी यायले म्हटलं, पेत असान तं सांगून द्या. हे काही सांगत नाईत. तवापासून मी बोलली नाई यांच्याशी."

देवराव खिडकीकडे बघत होते. दहा दिवस घरात त्या दोघांत काय झालं असेल ते मला त्या बाकावरच्या मोकळ्या जागेत दिसलं.

मी काउंटरच्या बाहेर आले. म्हटलं, "भाऊ, जरा तोंड उघडा आणि श्वास सोडा."

त्यांना ते अपमानाचंच वाटलं असणार. काल गेटवरही हेच झालं होतं. पण त्यांनी सोडला. आणि मला लगेच कळलं. आमच्या लॅबमध्ये धुतलेल्या काचेच्या नळ्या सुकवायला अ‍ॅसिटोनची बाटली असायची. तीच बाटली कोणी उघडल्यासारखं झालं.

"पाणी किती पिता दिवसभरात?"

"पाच लिटरची कॅन असते गाडीत. ते दुपारपर्यंत सरते."

"आणि हा पट्टा?" त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती.

"वाळलो जरासा. टेन्शनमंदी असन."

"गेटवरचं टेन्शन तर कालपासून आहे. ही भोकं एका दिवसात पाडलेली दिसत नाहीत."

माझ्याकडे कोणाही डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. सर सकाळच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जायचे, बारापर्यंत येत नसत. मी बाटली देवरावांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तिकडे बाथरूम आहे." मग बोटाला टोचून साखर बघितली. चारशे साठ. नळी घेतली, पावडर, खडा, अमोनिया. कडं उमटायला मिनिट लागतं एरवी. त्या दिवशी अमोनिया टेकताच उमटलं.

मी नळी घेऊन दोघांसमोर गेले. "हे बघा," मी म्हटलं. "हा जांभळा रंग दारूचा नाही. साखरेच्या आजाराचा आहे. तुमच्या तोंडाला जो वास येतो तो याच्यामुळे. तुम्ही दारू प्यालेले नाहीत. तुम्ही आजारी आहात."

नियम मोडला हे बोलतानाच मला कळत होतं. आणि जमलं तर वगैरे मी म्हणाले नाही. "इथून घरी जायचं नाही. थेट मोठ्या दवाखान्यात जायचं, आत्ता."

सुनंदाबाईंनी नळीकडे बघितलं, मग पहिल्यांदा नवऱ्याकडे. देवरावांचा चेहरा मात्र खुलला होता, जणू मी त्यांना बक्षीस दिलं. "हेच लिहून द्या, मॅडम. हेच पायजे मले. उद्या चौकशी झाली की परवा भरती होतो."

"परवापर्यंत तुम्ही उभे राहाल असं मला वाटत नाही."

"आज भरती झालो तं म्हणतीन, चौकशीले भेला, पळून गेला. बावीस वर्षं झाले, मॅडम. एक कुत्रं नाई आलं माह्या चाकाखाली."

मी सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "चिठ्ठी कोणाची?"

"कोणाचीच नाही, सर."

त्यांनी विचारलं, "साखर किती?"

मी सांगितलं. "बसवून ठेवा. मी येतो."

वीस मिनिटांत स्कूटरवरून आले. देवरावांची नाडी बघितली, जीभ बघितली, श्वास कसा चालला आहे ते बघितलं, स्वतः वास घेतला. मग म्हणाले, "ताबडतोब भरती व्हा." देवरावांनी तेच उत्तर दिलं. चौकशी आधी. सर रागावले, समजावून झालं, पुन्हा रागावले. तो माणूस हात जोडून नाहीच म्हणत होता.

मग सुनंदाबाई जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या. मधे जागा न सोडता. म्हणाल्या, "माहं चुकलं. तुमी सांगत होते ते खरं होतं. पण आता आयका माहं. नोकरी गेली तं दोघं मिळून काही करू. तुमी गेले तं मी कोणाशी अबोला धरू?"

देवरावांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही आज भरती व्हा. चौकशीला मी जाते. ही नळी घेऊन जाते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर करून दाखवते."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही. पण देवराव म्हणाले, "याल ना नक्की?" मी हो म्हटलं. सरांनी चिठ्ठी लिहिली, ऑटो बोलावला आणि दोघांना पाठवलं.

जिन्यात पावलं वाजायची थांबली तेव्हा सर माझ्याकडे वळले. मी बोलणी खायला तयार होते. ते म्हणाले, "वचन तुम्ही दिलंत, तेव्हा जाणार तुम्हीच. पत्र मी देतो. नमुना फ्रिजमध्ये झाकण घट्ट लावून ठेवा. आणि उद्या अमोनियाची बाटली ऑटोत उघडू नका." आत जाऊन त्यांनी पत्र टाइप करायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या तीन पुडांच्या डब्यात सामान भरलं. खालच्या पुडात पावडर आणि खड्यांची डबी, मधल्यात नळ्या कापसात गुंडाळून, वर अमोनियाची छोटी बाटली. नमुना थर्मासात बर्फ टाकून. कारखान्याच्या गेटवर पहारेकऱ्यानं डबा उघडायला लावला आणि वरच्या पुडाला नाक लावलं. पाणावल्या डोळ्यांनी त्यानं विचारलं, "मॅडम, हे काय आणलं?" मी म्हटलं, "जेवण नाही एवढं सांगते." त्यानं झाकण लावून डबा दोन हातांनी परत दिला.

चौकशीच्या खोलीत पर्सनल मॅनेजर होते आणि तक्रार करणारे सिक्युरिटी ऑफिसर होते. त्यांचं नाव गावंडे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ, मिशा कातरलेल्या, कपाळावर कुंकू. मला वाटलं होतं हा कोणी दुष्ट माणूस असेल. तसं काही नव्हतं. ते सरळ म्हणाले, "मॅडम, माही देवरावशी दुश्मनी नाई. पण पन्नास माणसं बसते त्याच्या गाडीत. वास आला, मी लिहिलं. उद्या पुन्हा आला तं पुन्हा लिहीन."

मी म्हटलं, "तुम्ही बरोबर केलं. वास खरा होता. फक्त कशाचा ते चुकलं."

टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी नळ्या मांडल्या. आधी साध्या पाण्यावर करून दाखवलं, कडं नाही. मग देवरावांचा नमुना. कडं उमटलं तसे मॅनेजर खुर्ची सोडून जवळ आले. मी सरांचं पत्र वाचलं, साखरेचा आकडा सांगितला, या आजारात माणूस दुपारपर्यंत पाच लिटर पाणी पितो आणि त्याच्या तोंडाला कधी केळ्यासारखा वास येतो हे सांगितलं, देवराव काल दुपारपासून सलाइनवर आहेत हे सांगितलं. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, की परवा त्यांनी दारू घेतली नव्हती हे या नळीवरून सिद्ध होत नाही. एवढंच कळतं की त्यांच्या तोंडाला दारू न घेताही असा वास येणार.

गावंडेंनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. "पाण्याचं सोडा," ते म्हणाले. "पाण्यात काय असते? हे औषध कोणत्याबी माणसाच्या लघवीत टाकलं तं जांभळंच होत असन. मी जिंदगीत दारूले हात नाई लावला, फौजेत राहून. माही करा. माही नाई झाली जांभळी तं मी लिहिलेलं खोडतो."

मी म्हटलं, "करते." आणि मनात म्हटलं, आता हा साफ निघेल आणि काम सोपं होईल.

ते बाटली घेऊन गेले, आले. मी पावडर टाकली, खडा टाकला, अमोनिया सोडला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. काही नाही. अर्धं मिनिट गेलं. मग मधोमध एक कडं दिसायला लागलं. देवरावांसारखं गडद नव्हतं, वांग्याच्या फुलासारखं फिकट. पण जांभळं. कोणालाही जांभळंच म्हणावं लागलं असतं.

मॅनेजर म्हणाले, "गावंडे, काय घेतलंत?"

गावंडेंचा चेहरा उतरला. "साहेब, मी तं... लिंबूपाणी."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. त्यांच्या कपाळाकडे बघत मी विचारलं, "नवरात्र धरलं आहे तुम्ही?"

"दरवर्षी धरतो. आज सहावा दिवस. लिंबूपाणी, बिनसाखरेचं. दुसरं काही नाई."

मी हसू आवरून समजावलं. पोटात अन्न नाही, म्हणून अंगातली चरबी जळते आहे, आणि तिचा हा रंग. निरोगी माणसाचाही उपासात येतो. जेवले की जाईल. देवरावांच्या अंगात साखर आहे पण शरीराला ती घेता येत नाही, म्हणजे त्यांचं शरीर भरल्या ताटासमोर उपाशी आहे. मॅनेजर शांतपणे गावंडेंच्या जवळ गेले आणि म्हणाले, "जरा श्वास सोडा बघू." गावंडेंनी सोडला. मॅनेजर म्हणाले, "येतो आहे थोडा." आणि मग ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

गावंडे हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर मागवलं, आपल्या हातानं लिहिलेल्या ओळीवर एक रेघ ओढली, खाली सही केली आणि तारीख घातली. मग मला म्हणाले, "माणसं पाहून राहिली होती त्या दिवशी. त्यायच्यासमोर उतरवलं मी त्याले. हे खोडलं तरी ते नाई खोडल्या जात."

"मग त्यांच्यासमोरच सांगा," मी म्हटलं.

त्यांनी ते केलं. त्याच संध्याकाळी पाळी सुटताना बसच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, असं मला नंतर कळलं. मी तोवर दवाखान्यात पोचले होते. देवराव पलंगावर बसून सुनंदाबाईंच्या हातचं ताक पीत होते. मी चौकशीचं सगळं सांगितलं. देवराव चादरीची कड दुमडत राहिले. गावंडेंच्या नळीचं सांगितलं तेव्हा मात्र सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि शेजारच्या पलंगावरच्या म्हातारीनं "काय झालं वं?" म्हणून विचारलं, तर त्यांना सांगताच येईना.

सगळंच काही मनासारखं झालं नाही. इन्सुलिन सुरू झालं, आणि त्यामुळे कधी साखर एकदम खाली जाऊ शकते म्हणून पन्नास माणसांची बस काही देवरावांना परत मिळाली नाही. त्यांना ट्रान्सपोर्टच्या टेबलावर बसवलं, कोणती गाडी कोणत्या रस्त्यानं जाणार ते ठरवायला. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला यायचे तेव्हा मी विचारायची, बरं चाललं आहे ना? ते म्हणायचे, "चालते. बसून चालते." त्या उत्तरात थोडं दुखणं होतं. ते माझ्याच्यानं बरं होण्यासारखं नव्हतं.

या प्रकरणानंतर सरांनी नियम बदलला का? नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पुन्हा बजावलं, आकडा द्यायचा, आजार सांगायचा नाही. फक्त त्यांचा घरचा फोन नंबर त्यांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि म्हणाले, "कडं गडद असेल तर मी कुठेही असलो तरी लावायचा." त्यानंतर मी तो पुष्कळ वेळा लावला. एकदा ते व्याह्यांकडे जेवायला बसले होते, तरी उठून आले.

साधारण दीड वर्षानं एका दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. तिकडून ताठ आवाज आला, "मॅडम, मी गावंडे. हिंगण्याहून."

मी विचारलं, "बोला, सुभेदारसाहेब. पुन्हा उपास?"

"नाई. एक वेल्डर आहे आमचा, पोरगेलाच आहे. गेटवर वास आला. दारूचा नाई. केळ्याचा. पाठवून राहिलो तुमच्याकडे, कंपनीच्या जीपनं."

"तुम्हाला नक्की तोच वाटतो?"

"नाकाचं सांगता येत नाई, मॅडम," गावंडे म्हणाले. "म्हणून या वेळी लिहायच्या आधी मी त्याले बाजूले घेतलं आणि विचारलं, बेटा, पाणी किती पेतो."